बारा बाटल्या, दोन ड्रम

तळोज्याच्या त्या यार्डात माज्यासारखं नाक कोणाचं नव्हतं — ड्रमचं झाकण न उघडता आत काय हाय ते मी सांगायचो. सांगायचो ते सगळं खोटं असायचं.

घरात बोंबील करपला तरी मला वास येत नाय. बायको चुलीवरनं ओरडते तवा कळतं. असलं हे नाक. पण यार्डात माजा रुबाब होता, आणि त्या रुबाबाखाली मी एक गोष्ट दाबून ठेवली. परवापरत ती कोणाला सांगितली नव्हती. बायकोला नाय, देवीला पण नाय — देवीला तर अजिबातच नाय, तिला आदीच माहीत असणार म्हणून तिच्यासमोर उभंच राहायचो नाय, बाहेरनंच हात जोडायचो आणि पळायचो. मला लिवता येत नाय. मी बोलतोय तसं पुतणी, माज्या सख्ख्या भावाची पोर, लिवतेय. तिलापण आत्ताच कळतंय. मगाचपास्नं ती माज्याकडं बघत नाय, कागदाकडंच बघतेय.

आदी काम काय होतं ते सांगतो, म्हंजे माजी अक्कल किती ते कळेल.

तळोज्यात कंपन्या किती, तुमाला माहीत हाय. रंगाची कंपनी, औषधाची कंपनी, आणखी कसल्या कसल्या. त्यांचा माल बनतो तसा गाळ पण बनतो. डांबरासारखा, साबणासारखा, कदी नुसत्या तेलकट चिंध्या. हा गाळ टाकायचा कुठं? आदी कोणी कुठं टाकायचं ते खाडीतल्या माशांना विचारा. मग हे यार्ड निघालं. सगळ्यांचा गाळ आमच्याकडं यायचा. मोठ्या सिमेंटच्या खड्ड्यात तो ओतायचा, त्यात लाकडाचा भुसा टाकायचा, पोकलेननं ढवळायचं, चिरायच्या मशीनमदनं काढायचं — खिचडी तयार. ती खिचडी ट्रकनं जायची दोन दिवसांच्या वाटेवर, सिमेंटच्या कारखान्यात. तितं भट्टीत कोळशाऐवजी ही जळते. भट्टी एवढी तापलेली की काय म्हंजे काय उरत नाय, आणि जी राख उरते ती सिमेंटमदीच मिसळून जाते. घाण पण गेली, कोळसा पण वाचला. साहेब लोक हे सांगताना छाती फुगवायचे. मी पण फुगवायचो. गावात सांगायचो, तुमच्या घराच्या स्लॅबमदी माजी खिचडी हाय, पाया पडा.

पण खिचडीत काय पण टाकून चालत नाय. दोन गाळ असे असतात की एकमेकांना भेटले की भांडतात. तापतात, धूर सोडतात, पेट घेतात. म्हणून नियम — हर ड्रम उघडायचा. लांब पाईप तळापरत घालायचा, वरच्या तोंडावर अंगठा दाबायचा, वर काढायचा आणि आतलं बाटलीत सोडायचं. बाटलीवर ड्रमचा नंबर लावायचा. बारा ड्रम तर बारा बाटल्या. लॅबवाली मॅडम त्यातलं थोडं थोडं खड्ड्यातल्या खिचडीत मिसळून बघायची, तापतंय का. तापलं तर तो ड्रम बाजूला. नाय तापलं तर खड्ड्यात. काय अवघड हाय यात? शाळेत न गेलेल्याला जमेल असं काम. म्हणून तर मला दिलं होतं.

ते काम मला देणारा हिरामण दादा. माजा मावसभाऊ, चार वर्षांनी मोठा. खड्ड्यावरचं पोकलेन तोच चालवायचा. पोकलेनच्या बकेटनं अंडं उचललं असतं त्यानं, न फोडता — हे मी मस्करीत नाय सांगत. यार्डाच्या साहेबाकडं जाऊन तो म्हणाला, माजा भाऊ हाय, बडबड्या हाय पण कामाचा हाय. अर्धं खरं निघालं.

आता ऐका. ड्रम रांगेत लावलेले असायचे, पुढं दोन, मागं दोन, त्याच्यामागं दोन, असं शेवटपरत. पुढच्यांचं झाकण उघडायला सोपं. मागच्यांपरत जायचं तर ड्रमांवर चढायचं, गंजलेली कडी हाणायची, तोंडावर मास्क, आत घाम, चष्म्यावर वाफ. पहिले दोन महिने मी चढलो. मग एक दिवस म्हटलं — एकाच कंपनीचा, एकाच रंगाचा माल, एकाच गाडीतनं आलेला, मागं काय वेगळं असणार हाय? पुढच्या दोन ड्रमांतनंच बाराही बाटल्या भरल्या. नंबर मात्र बरोबर लावले. एक ते बारा. नंबर लावायला मी कदी चुकलो नाय.

एकदा केलं असतं तर एकदा म्हटलं असतं. दीड वरीस केलं.

मॅडम कदी कदी म्हणायची, काशिनाथ, किती एकसारखा माल येतो हो! मी म्हणायचो, मॅडम, जुळे भाऊ हायत. ती हसायची. लोक हसले की मला वाटतं काम झालं — आजारच हाय मला तो.

विमानतळासाठी डोंगर फोडायला अजून सुरवात झाली नव्हती, त्या वेळची गोष्ट ही. जेवण झालं होतं, दुपारचं ऊन होतं. बारा ड्रमांची एक गाडी सकाळीच आलेली, बाटल्या भरून झालेल्या, मॅडमनं पास केलेल्या. पोरं ड्रम खड्ड्यात उपडे करत होती, दादा बकेट फिरवत होता. मी कुठं होतो? तीस पावलांवर लोडरवाल्यांसमोर उभा. मॅडमच्या चालण्याची नक्कल करत होतो.

आदी पांढरा धूर आला. पातळ, तोंडातनं वाफ निघते तसा. दादानं बकेट थांबवलेली मी बघितली. मग आवाज आला — मोठा नाय, गॅस लावताना येतो तसा, पण अख्ख्या खड्ड्याचा. आणि खड्डा नारंगी झाला. पोकलेनची काच मला दिसेनाशी झाली. आतनं दादा बाहेर पडला. उडी मारली म्हणतात लोक, उडी नव्हती ती, पडला तो. उजवा हात वर धरलेला, आणि त्या हाताला... तो हात मी सांगत नाय.

त्याच क्षणाला मला कळलं. मागचे ड्रम. दुसऱ्या कोणाला कळायच्या आदी मला कळलं. माज्या जिभेला पैल्यांदा काय सुचलं नाय.

आणि माजे पाय कुठं धावले माहीत हाय? सगळी पोरं दादाकडं धावली. पाण्याचा पाईप घेऊन, गोणपाट घेऊन, कोणी नुसतंच बोंबलत. मी धावलो लॅबकडं. लॅबच्या बाहेर मांडणीवर बाटल्या ठेवलेल्या असायच्या, नंतर काय झालं तर बघायला. त्या दिवशीच्या बाराच्या बारा बाटल्या मी उचलल्या आणि एकेक करून भुशाच्या ढिगात ओतल्या. कारण बाराही तपासल्या असत्या तर बाराही एकसारख्या निघाल्या असत्या, आणि एकसारख्या बाटल्यांतनं आग लागत नाय. एवढं गणित मला त्या मिनिटाला जमलं. शाळेत पाय न टाकता. भाऊ तितं जमिनीवर लोळत होता आणि मी हितं बाटल्या हलवून हलवून शेवटचा थेंब काढत होतो. माजी मलाच कमाल वाटते — लाज वाटायला पायजे, पण कमालच वाटते, की हा माणूस कोण? ह्याला मी ओळखतो का?

मॅडमनं विचारलं, बाटल्या कुठं? म्हटलं, धावपळीत पडल्या. तिनं मांडणीकडं बघितलं, माज्याकडं बघितलं. मी तोंड पाडलं. तोंड पाडायची नक्कल पण मला येते.

दुसऱ्या दिवशी चौकशी. सेफ्टीवाले साहेब आले, आमाला सगळ्यांना ऑफिसात बसवलं. दादाच्या जळक्या शर्टाच्या खिशात बिडीचं बंडल निघालं होतं आणि काडेपेटी. गेटावर पेटी ठेवलेली असायची, बिडी-काडी त्यात टाकूनच आत यायचं. दादानं ती खिशातच ठेवली होती. ठेवायचाच. पण मशीनवर तो कदी ओढायचा नाय. सुट्टी झाली की गेटाबाहेर, वडाखाली, एक. हे मला माहीत होतं. माज्यायेवढं कोणाला माहीत होतं?

साहेबांनी विचारलं, हिरामण बिडी ओढायचा का?

सगळ्यांचे चेहरे काळे. आणि माजी जीभ परत आली. मी म्हटलं, "साहेब, दादा बारशाला पाळण्यात पण बिडी घेऊनच निजला होता."

हसले सगळे. रात्रभर कोणी झोपलं नव्हतं, भीती बाहेर पडायला बघत होती, ती हसण्यातनं बाहेर पडली. साहेब मात्र हसले नाय. त्यांनी लिवलं. मग मान वर न करता विचारलं, "म्हणजे कामावर ओढायचा?"

तितं मी थांबू शकत होतो. नाय साहेब, मस्करी केली — चार शब्द. मी म्हटलं, "ओढायचा की."

कागदावर सही केली. सही येते मला, तेवढीच येते.

दादाला कामावरनं काढलं. हॉस्पिटलचं कंपनीनं केलं, पण हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटली. पोकलेनचा दांडा आता त्याला धरता येत नाय. यमुना वैनी पनवेलच्या बाजारात भाजी घेऊन बसायला लागली. आणि मी — आता ह्याच्यापुढचं सांगायला खरंच लाज वाटतेय.

आमच्याकडं हळदीला सगळं गाव जमतं. मंडप, बेंजो, आणि मधेच कोणीतरी माईक माज्या हातात देतं. नकला करतो मी. त्यातली सगळ्यात चालणारी नक्कल कोणती? हिरामणची बिडी. मशीनवर बसलेला दादा, काडेपेटी शोधतोय, ह्या खिशात, त्या खिशात, कानामागं, मग काडी ओढतो आणि — भप्प! म्हाताऱ्या बायका डोळ्याला पदर लावून हसायच्या. दादा पैल्या दोन हळदींना पुढं बसून हसला. वाकडा हात मांडीखाली घालून हसला. नंतर हळदींना यायचा बंद झाला. लोकांनी त्याला बिडीवाला हिरामण म्हणायला सुरवात केली. मी का करायचो ती नक्कल? विचार केलाय मी. दर वेळी लोक हसले की गोष्ट आणखी खरी व्हायची. चार-पाच हळदींनंतर मला पण दिसायला लागलं, दादाच्या हातात काडी. शपथ. दिसायची मला ती काडी.

आता दादाच्या पोरीचं लग्न ठरलंय. परवा त्यानं मला बोलावलं, मंडपाचं बघायला. पडवीत बसलो. वैनी खाली बसून तांदूळ निवडत होती. दादा म्हणाला, "हळदीला तुजी नक्कल पण कर. माजीच कर. इवायांना, पोराकडच्यांना, आदीच कळलेलं बरं." मी हसलो. तो हसला नाय. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "काशा, एक विचारू? तू होतास ना तितं. मी काडी ओढली ती तुला दिसली का रे? मला आटवत नाय. रोज आटवून बघतो. हात खिशात गेलेला आटवत नाय, काडी आटवत नाय. पण सगळी म्हणतात म्हंजे ओढलीच असंल. वीस पोरं होती खड्ड्याभोवती. मेली असती माज्यामुळं."

पाच-सहा वरसं हा माणूस रोज सकाळी उठून सोताच्या हातात एक काडी शोधत होता. माजी काडी. माईकवरची.

मला वाटत होतं, त्याला माहीत असणार — आपण बिडी ओढली नाय एवढं माणसाला सोताला तरी माहीत असणार. मला वाटत होतं तो मनात मला शिव्या देत असेल. तेच बरं वाटायचं मला. तो सोतालाच देत होता.

मी सांगितलं. सगळं. दोन ड्रम, बारा बाटल्या, भुशाचा ढीग, साहेब, सही. मधे एक मस्करी पण करायला गेलो, जुळ्या भावांची, ती तोंडातच मेली.

दादानं एवढंच विचारलं, "म्हंजे मी नव्हती पेटवली?"

"नाय, दादा."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं वाकडा हात मांडीवर काढून ठेवला आणि त्याच्याकडं बघत बसला. माज्याकडं बघितलं पण नाय. मला वाटलं शिवी देईल, लाथ घालेल, काहीतरी करेल.

वैनीनं सूप खाली ठेवलं. पदर झटकला.

"हसवताना सगळा गाव जमवायचात, भावजी. आणि हे तेवढं आमच्या पडवीत, हळू आवाजात? उठा."