लीलाताईंना दाखवायचा बर्फ

आज पहाटे मळ्यात गेलो तर कोथिंबिरीवर दव गोठल्यासारखं दिसत होतं. हात लावला की पाणी. धुकं एवढं, की विहिरीपाशी उभं राहून घर दिसेना. नाशकात थंडी दरवर्षी पडते, पण चार लोक "यंदा जास्त आहे" म्हणतातच. मीही म्हणालो.

अशी थंडी पडली की रमेशच्या फोटो स्टुडिओबाहेरच्या बाकड्यावर बर्फाचे किस्से निघतात. आम्ही मनालीला गेलो एकदाच, पण एकाने एक सांगितला की दुसऱ्याला दुसरा आठवतो. किस्से धुण्यासारखे साठतात. काढायला बसलं की संपत नाहीत. त्यातले थोडे सांगतो.

आधी माणसं सांगतो. रमेश स्टुडिओवाला, वयाने आमच्या मुलासारखा. बबन टेलर, मूळचा हरसूलचा. गायकवाड गुरुजी, शाळेतून रिटायर झालेले, माझे शेजारी. आणि मी, शेवंती आणि भाजी विकणारा. शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्यामुळे गुरुजी मला अजून मारकुट्या नजरेने बघत नाहीत, हा फायदा.

*

ट्रिपची सगळ्यात जास्त हौस होती गुरुजींच्या बायकोला, लीलाताईंना. बर्फ बघायचा, हे त्यांचं लग्नापासूनचं म्हणणं. स्वेटर विणून तयार. आणि निघायच्या आदल्या आठवड्यात त्या मोरीत घसरल्या. पाय प्लॅस्टरमध्ये!

गुरुजी म्हणाले, "मीही जात नाही."

लीलाताई म्हणाल्या, "पैसे भरलेत, जा. मी प्लॅस्टर बघते, तुम्ही बर्फ बघा. फक्त एक करा. तो खरोखर जसा दिसतो, तस्सा मला दाखवा."

गुरुजींनी मान हलवली. ते मुळात कमी बोलणारे. आयुष्यभर वर्गात "गप्प बसा" म्हणून म्हणून स्वतःच गप्प बसायला शिकलेले. घरात "चहा" आणि "पेपर आला का" एवढंच बोलतात, असं ताई सांगायच्या.

बसमध्ये बसताना त्यांनी रमेशचा खांदा धरला. "रमेश, एक फोटो. पण रंग खरा पाहिजे."

"गुरुजी, माझा धंदाच आहे तो!" रमेश म्हणाला.

*

पहिल्यांदा बर्फ दिसला तेव्हा बस थांबायच्या आत बबन उतरला. चार पावलं गेला आणि बसला. बसला म्हणजे आपटलाच.

"लागलं का रे?"

"नाय. पण खालून लय गार हाय!"

रमेशने मोठा कॅमेरा काढला, बबनचा फोटो घेतला आणि मागच्या पडद्यावर दाखवला. बबन पडद्याकडे बघतो, बर्फाकडे बघतो, परत पडद्याकडे बघतो. फोटोतला बर्फ करडा, मळकट!

"एवढं लांब सिमेंट बघायला आणलं व्हय?"

रमेशने समजावलं, की कॅमेऱ्याला वाटतं एवढा उजेड बरोबर नाही, म्हणून तो आपणहून अंधार करतो. त्याला हाताने उजेड वाढवून द्यावा लागतो.

बबन म्हणाला, "म्हंजी आमच्या बायकोसारखं. मी चांगला दिसलो की आधी संशय!"

*

दुसऱ्या दिवशी देवदाराच्या सावलीत गुरुजींचा फोटो घेतला. उजेड बरोबर आला, पण बर्फ निळा. नुसता निळा नाही, गुरुजीसुद्धा निळे! रमेश म्हणाला, सावलीत वरच्या आभाळाचाच उजेड येतो, म्हणून असं होतं. तरी गुरुजींना धीर निघेना. त्यांनी तोच मोबाईलवर घेऊन घरी पाठवला.

थोड्या वेळाने फोन. लीलाताई वैशाखी पौर्णिमेला विहारात जातात तेव्हा त्यांची पांढरी साडी आमच्या कॉलनीत सगळ्यात पांढरी असते. पांढऱ्यातलं त्यांना कळतं. फोन स्पीकरवर होता.

"अहो, ह्याला नीळ जास्त झालीय!"

"नाही गं. म्हणजे, थोडी निळसर झाक होती, पण एवढी नाही. दुधावर साय धरते ना, कडेला जरा निळसर? तशी. आणि ऊन होतं तिथे डोळे उघडवत नव्हते. पाय ठेवला की कच्च वाजतं. ज्वारीच्या कोंड्यात पाय पडल्यासारखं..."

गुरुजी बोलतच राहिले. चहा गार झाला. बबनने माझ्या कानात विचारलं, "अण्णा, हेच का आपले गुरुजी?"

*

रमेश इरेला पेटला. तो म्हणाला, कॅमेऱ्याला आधी पांढरं म्हणजे काय ते दाखवावं लागतं. मग तो बाकीचे रंग त्यावरून ठरवतो. त्यासाठीचं पांढरं कार्ड नाशकातच राहिलं होतं. आजूबाजूला पांढरं काय? बर्फ, आणि त्याचंच तर भांडण चाललेलं! रमेशची नजर फिरत फिरत माझ्या डोक्यावर थांबली.

"अण्णा, टोपी द्या."

आमची टोपी घडीची, कडक, पांढरीशुभ्र. रमेशने ती समोर धरून कॅमेऱ्याला दाखवली आणि मग दिवसभर फोटो काढले. ऊन इतकं, की मागच्या पडद्यावर काही दिसत नव्हतं. दर थोड्या वेळाने "अण्णा, टोपी!" आणि मी उघड्या टकलाने बर्फात उभा. एका पंजाबी बाईने जाता जाता मला आपला मफलर देऊ केला.

*

नाशकात येऊन प्रिंट काढल्या. बर्फ पिवळा! आम्ही सगळे हळदीला बसल्यासारखे.

गुरुजी ती प्रिंट घेऊन घरी गेले. मी मागोमाग होतो. ताईंनी चष्मा लावला.

"अहो, एवढं पिठलं कोणी सांडलं?"

गुरुजींचा चेहरा उतरला. खुर्ची ओढून प्लॅस्टरजवळ बसले. "असा नव्हता गं तो. ऐक..." आणि पुन्हा कोंडा, साय, डोंगरावरून येणारा वारा, सगळं पहिल्यापासून. मी फुलांची पुडी ठेवून बाहेर आलो.

*

पिवळा का आला, हे रमेशला कळेना. कॅमेरा दाखवून आणला, ठीक निघाला. मग एक दिवस बबनच्या दुकानात मी टोपी काढून टेबलावर ठेवली. खाली कोऱ्या पांढऱ्या कापडाचा तागा पसरलेला. बबनची कात्री थांबली.

"अण्णा, ही टोपी न्हाय. हे आभाळ हाय!"

खरंच. ताग्यावर टोपी चक्क निळी दिसत होती. रमेश धावत आला, बघितलं, आणि डोक्याला हात लावून खालीच बसला. कॅमेऱ्याने निळ्यालाच पांढरं समजून बाकी सगळं पिवळं करून ठेवलं होतं!

घरी सूनबाईला विचारलं, "टोपीला नीळ घालतेस?"

"घालते की. तुम्हीच म्हणता ना मामा, पांढरी झाली पाहिजे!"

*

मग रमेशने कॉम्प्युटरवर रंग सुधारायला घेतले. उन्हातला बर्फ पांढरा धरायचा आणि तिथून पुढे जायचं. गुरुजी शेजारी स्टूल घेऊन बसले. रमेशने सावलीही पांढरी केली की गुरुजी हात धरायचे.

"ती निळसर राहू दे."

"गुरुजी, लोकांना पांढरा बर्फ आवडतो."

"लोकांना दाखवायचा नाही. सावलीत तो निळसर होता. मी पाहिलाय. पुसलास तर खोटं होईल."

"मग थोडी निळी?"

"थोडीच्या अलीकडे."

बबन दारातून ओरडला, "गुरुजी, पेपर तपासताय का? ग्रेसचे मार्क द्या आन् सोडा त्याला!"

त्या नादात मनमाडहून आलेल्या एका रेल्वेवाल्याचा पासपोर्ट फोटोही रमेशने बर्फाच्याच हिशोबाने काढून दिला. तो माणूस चांगला काळासावळा. फोटोत निघाला पिठासारखा गोरा. त्याने फोटो उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, "छान आलाय. पण मी कधी येणार?"

*

शेवटी फोटो जमला. उन्हात पांढराशुभ्र, सावलीत साईसारखा. मीसुद्धा ओळखला, की हाच तो. गुरुजींनी फ्रेम करून घेतला आणि पेपरमध्ये गुंडाळून, पोर धरावं तसा छातीशी धरून नेला.

दोन दिवसांनी भेटले तर चेहरा पडलेला. "अण्णा, ती म्हणते, अजून थोडं काहीतरी चुकतंय. काय ते सांगता येत नाही तिला."

रमेशने कपाळ बडवलं.

त्यानंतर एका सकाळी मी शेवंती घेऊन ताईंकडे गेलो. प्लॅस्टर निघालं होतं, काठी घेऊन चालत होत्या. भिंतीवर बुद्धमूर्तीच्या कोनाड्याशेजारी फोटो लावलेला. बघतो तर मनालीहून पाठवलेला पहिला, निळा! गुरुजीही निळे! आणि तो जमलेला, फ्रेमवाला, उघड्या कपाटात साड्यांच्या घड्यांमध्ये उभा.

मला राहवलं नाही. हळूच म्हणालो, "ताई, कपाटातला बरोबर आहे हो. मी होतो तिथे. अगदी असाच होता बर्फ."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून गुरुजींचा आवाज आला. "अगं, चहा उकळतोय तोवर सांगतो, त्या दिवशी ऊन उतरायला लागलं ना, तेव्हा त्या सावलीचा रंग..."

ताईंनी आधी तिकडे बघितलं, मग कपाटाचं दार लोटून घेतलं आणि माझ्याजवळ वाकून म्हणाल्या, "मला दिसतंय की, अण्णा. पण बरोबर आहे म्हटलं, की हे गप्प होतील."