भिंतीवरचे चुन्याचे ठिपके

कळंबच्या आमच्या घराचं दार पूर्वेला आहे. दाराच्या फळीतली एक गाठ फार वर्षांपूर्वी निसटून पडली, तिथं भोक राहिलं. दार लावलेलं असलं की सकाळचं पहिलं ऊन त्या भोकातून आत येतं आणि समोरच्या निळ्या भिंतीवर लिंबाएवढा उजेडाचा डाग पडतो. माझे वडील, आबा, रोज त्या डागाची वाट बघत बसायचे. डाग पडला की तंबाखूच्या डबीतला चुना अंगठ्याला लावून तिथं एक ठिपका द्यायचे आणि मगच चहाला हात लावायचे. दिवाळीला भिंत रंगवली की ठिपके जायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला.

आबा तरुणपणी मेंढरांमागं हिंडलेले, ऊस मागाहून आला. घड्याळ त्यांना कधी लागलंच नाही. मी बारामतीच्या एका शाळेत भूगोल शिकवते. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि ती तशी कललेलीच सूर्याभोवती फिरते, म्हणून दिवस लहानमोठे होतात, हे दरवर्षी टॉर्च आणि चेंडू घेऊन मुलांना दाखवते. आबांना हेच सांगायला गेले की ते म्हणायचे, "तुजी पिरथमी फिरू दे की. माजा ठिपका सरकला म्हंजी झालं."

थंडी वाढत जाते तसा सूर्य दक्षिणेकडून उगवतो, त्यामुळे डाग भिंतीवर उजवीकडे जातो. डिसेंबर संपता संपता तो अडखळतो. आठ-दहा दिवस ठिपक्यावर ठिपका पडत राहतो, एक जाड पांढरा पोपडा तयार होतो. आबा म्हणायचे, "सूर्य बसला." आमच्या घरात एक रीत होती. सूर्य बसलेला असताना कुणी लांबच्या गावाला जायचं नाही. बसलेल्याच्या पुढून जाऊ नये म्हणे. त्या दिवसांत एकदा मला पुण्याला परीक्षेला जायचं होतं, तर आबा उंबऱ्यात आडवे बसले होते. मी त्यांना ओलांडून गेले, आणि नापास झाले. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, त्याचाच मला जास्त राग आला.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या मध्यावर डॉक्टरांनी आबांना घरी न्यायला सांगितलं. पोटातलं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. चार दिवस, फार तर पाच, असं ते म्हणाले. मी रजा टाकून आले. आबांची बाज आम्ही त्याच भिंतीला लावली, रोजचा ठिपका आई देऊ लागली. अन्न बंद झालेलं, पाणी चमच्यानं. दिवसभर ते कण्हत असत, ऐकूही फार कमी येई. डाग भिंतीवर पडे, हळूहळू खाली उतरे आणि त्यांच्या गालावर येई. तेवढ्यापुरते ते डोळे उघडत.

"फिरला का?"

"न्हाय आबा, अजून."

मग ते डोळे मिटून घेत. चारचे आठ दिवस झाले. हा माणूस कशासाठी थांबलाय ते आईच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं. त्यांना लांबच्या गावाला जायचं होतं, आणि सूर्य बसलेला होता.

बावीस तारखेला मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन वर्गात सांगते तसं सांगितलं. आबा, आजचा दिवस सगळ्यात लहान. उद्यापासून दिवस वाढणार, सूर्य फिरला असं समजा.

आबा म्हणाले, "साळंतला सूर्य येगळा आसंल. सूर्य संक्रांतीला फिरतो. सकाळ अजून मागंच सरकतीया, कळतंय मला."

आई चुलीपासून म्हणाली, "अतिशहाणा त्याचा बैल रिकामा." ते मला होतं.

मी चिडून मोबाइलवर सूर्योदयाच्या वेळा बघितल्या. त्या खरंच रोज थोड्या पुढं जात होत्या, थेट संक्रांतीपर्यंत. आमच्याकडे दिवस वाढतो तो आधी संध्याकाळच्या टोकानं. सकाळ मात्र जानेवारीचा मध्य येईपर्यंत उशिराच होत राहते. इतकी वर्षं शिकवून हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं, आणि आबांनी संध्याकाळ कधी मोजलीच नव्हती.

म्हणजे अजून तीन आठवडे. त्यांचं कण्हणं मला ऐकवत नव्हतं, हे खरं. माझी रजा तीस तारखेला संपत होती, हेही खरं. दोन्हींतलं कुठलं जास्त खरं, ते मी आजवर स्वतःलाही सांगितलेलं नाही.

सत्तावीसला दारासमोरचा भावकीचा ऊस तुटला. दारापासून तीस पावलांवर दोन पुरुष उंचीचा ऊस होता तो. दिवसभर कोयते चालले, दिवस मावळायच्या आत ट्रॉल्या भरून गेल्या. आबांना त्यातलं काही ऐकू गेलं नाही. मी पाणी टाकायला बाहेर आले तर समोर काहीच नव्हतं. आभाळ पार खाली, उंबऱ्यापर्यंत आलेलं. घराचं एक पांघरूण कुणी तरी ओढून नेलंय असं वाटलं आणि मी दार लावून घेतलं. डागाचा विचार तेव्हा डोक्यात आला नाही.

दुसऱ्या दिवशी चहाला आधण ठेवलं न ठेवलं तोच भिंत उजळली. रोजच्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी. आणि डाग पांढऱ्या पोपड्यावर नव्हता. त्याच्या डावीकडे, चांगली सात बोटं, जुन्या ठिपक्यांच्या ओळीच्या वर कोऱ्या निळ्या भिंतीवर पडला होता. एवढी भूगोलाची बाई मी, पण क्षणभर मलाही वाटलं, उठला. आबांसाठी सूर्य उठला.

मग ऊस आठवला. इतके दिवस सूर्य उसाच्या शेंड्यांवर चढून, दक्षिणेकडे कलून मग दिसायचा. आता तो सरळ जमिनीतून वर आला होता, म्हणून लवकर, म्हणून वर आणि म्हणून डावीकडे. एवढंच.

आबांचे डोळे उघडे होते. डाग अजून गालावर उतरलाही नव्हता.

"लवकर आला."

"व्हय आबा."

"डावीकडं हाय?"

"सात बोटं."

ते भिंतीकडे बघत राहिले. आयुष्य रानात गेलेला माणूस तो. बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "म्होरला ऊस हुबा हाय न्हवं?"

आई चुलीपाशी होती. फुंकणीचा आवाज थांबला. दाराच्या भोकातून मला मोकळं रान दिसत होतं, त्यात पाचट पसरलेलं.

"हुबा हाय, आबा," मी म्हणाले.

"मग ठिपका दे."

मी डबी उघडली, अंगठ्याला चुना लावला आणि त्या नव्या जागी ठिपका दिला. आबांनी तो नीट बघितला, हात जोडल्यासारखे केले आणि भिंतीकडे कूस वळवली. ऊन दारातून सरायच्या आत ते गेले.

मी तीस तारखेला नाही, दहावं-तेरावं करून कामावर गेले. आई त्या सकाळबद्दल अवाक्षर बोलली नाही. पुढच्या दिवाळीला तिनं भिंत रंगवून घेतली, तो एक ठिपका सोडून. रंगाऱ्यानं विचारलं तर म्हणाली, राहू दे.

समोर तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेला खोडवा पुन्हा दोन पुरुष वाढला होता आणि तोड लांबली होती. त्या जानेवारीत मी संक्रांतीला घरी गेले. आई आणि मी दार लावून भिंतीसमोर बसलो. का बसलो ते एकमेकींना सांगितलं नाही. डाग उशिरा आला, उसावरून चढून, आणि बरोबर त्या ठिपक्याच्या खाली, त्याच्याच रेषेत पडला. बोटभरही इकडेतिकडे नाही. मी ठिपका दिला होता तो आबांच्या संक्रांतीवर, अठरा दिवस आधी. मला ओरडून सांगावंसं वाटलं की त्यांचे फार हाल होत होते, मी दुसरं काय करणार होते. पण कुणी विचारलंच नव्हतं.

डाग तिथून खाली उतरला, बाज असायची तिथं आला. आईनं तो जमिनीवर पोचेपर्यंत बघितला. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि दाराची कडी काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाली,

"माज्या वक्ताला ऊस तुटला आसंल, तर तुटलाय म्हन, बाय."