तिची बागेतली फेरी

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मोटारसायकली शिरू नयेत म्हणून आमच्या बागेच्या फाटकात लोखंडी पाइप रोवले होते. केडगावची ही बाई रोज संध्याकाळी व्हीलचेअरवरून यायची आणि त्या पाइपांशी अडायची. एकदा आम्ही तिला उचलून आत न्यायला पुढे झालो.

"मी काय पोतं हाय का? जाईन तर माझ्या चाकांनी," ती हसून म्हणाली.

मग तिने बागेच्या कार्यालयात इतक्या खेपा घातल्या, की शेवटी मधला पाइप काढला गेला. त्या संध्याकाळी ती आत आली, तेव्हा न राहवून मी मागून खुर्चीला हात लावला.

"सोडा काका. आज माझी मी फिरनार."

मी बाकावर बसून बघत राहिलो. फेरी पुरी करून, घामाने डबडबलेली ती माझ्यासमोर आली आणि न थांबता दुसऱ्या फेरीला निघाली.