मॉनिटरखालचा चौरंग

माणूस नुसता बसून किती थकू शकतो, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं. त्याआधीची एकतीस वर्षं मी भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात उभा होतो. अक्षरशः उभा. समोर तिरका बोर्ड, हातात पेन्सिल, कंबर जराशी वाकलेली. संध्याकाळी पाय दुखायचे, पण ते दुखणं सरळमार्गी होतं. टाउनशिपमधल्या क्वार्टरवर जाऊन बादलीभर गरम पाण्यात पाय सोडले की चहा होईपर्यंत उतरायचं.

मग एका एप्रिलमध्ये बोर्ड गेले आणि संगणक आले. तेव्हाचे मॉनिटर म्हणजे मागे पोट सुटलेली धुडं. दोघांनी मिळून उचलावं असं खोक्यावर चित्रासकट छापलेलं होतं. माझा मी एकट्याने उचलला. पुढचे चार दिवस कंबरेला पट्टा बांधून फिरलो आणि विचारणाऱ्यांना सांगितलं, कूलर हलवताना लचकली.

आमचे साहेब माझ्याहून वीस वर्षांनी लहान, जबलपूरचे, सज्जन माणूस. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येकाने ट्रान्सफॉर्मरच्या टाकीचं एक पूर्ण ड्रॉइंग संगणकावर काढून द्यायचं. ज्याला जमणार नाही त्याने वाईट वाटून घेऊ नये, त्याला तळमजल्यावर रेकॉर्ड रूममध्ये जागा आहे. रेकॉर्ड रूम म्हणजे जुन्या ड्रॉइंगांच्या गुंडाळ्या. कुणी मागितली तर काढून द्यायची, वहीत सही घ्यायची, परत आली की ठेवायची.

माझी अडीच वर्षं उरली होती. शहरातल्या शाहपुरा वस्तीत प्लॉट घेऊन ठेवणाऱ्या मेव्हण्यासारख्या माझ्या काही आकांक्षा नव्हत्या. ड्रॉइंग काढता काढता निवृत्त व्हायचं, एवढी एकच होती.

आणि वर मी विभागाचा सुरक्षा प्रतिनिधी. म्हणजे सुरक्षा सप्ताहात सगळ्यांना उभं करून शपथ देणारा. ड्रॉइंग ऑफिसात अपघात म्हणजे फार तर कुणाच्या बोटाला ब्लेड लागायचं, त्यामुळे सात वर्षं माझ्या पदाला शपथेपलीकडे काम नव्हतं. मॉनिटर आले त्याच महिन्यात वरून एक परिपत्रक आलं: संगणकाचा पडदा सुरक्षितपणे कसा मांडावा आणि वापरावा. मी ते हातात घेतलं तेव्हा मला वाटलं, आपली वेळ आली.

मुद्दे सात होते. पडदा हातभर अंतरावर ठेवावा. खिडकी पाठीशी किंवा समोर नसावी, बाजूला असावी. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी. पाय जमिनीला टेकावेत. मागच्या हवेच्या फटी झाकू नयेत. दर थोड्या वेळाने नजर लांब न्यावी. सातवा मुद्दा चांगला दोन ओळींचा, लांबलचक होता.

दुसऱ्या कुणी परिपत्रक फळ्यावर टाचलं असतं. मी त्याचं ड्रॉइंग केलं. शेवटचा एक बोर्ड अजून गेला नव्हता, त्यावर मोठ्या कागदावर शाईने. खुर्चीत बसलेला माणूस, बाजूने पाहिलेला. डोळ्यापासून पडद्यापर्यंत बाण, त्यावर माप. गुडघ्याला काटकोन, कोपराला काटकोन. माणूस इतका काटकोनात बसला होता की मुका मार लागल्यासारखा दिसत होता. उजवीकडे सुबक अक्षरांत मुद्दे. सहा बसले. सातवा लिहायला घेतला तर तो समासात घुसायला लागला, खालच्या सहीच्या चौकटीला भिडायला लागला. एकतीस वर्षांत मी समासात काही जाऊ दिलं नव्हतं. मी सातवा मुद्दा न वाचता गाळला. चित्र देखणं झालं. त्याच्या प्रती काढून सगळ्या विभागांत लावल्या गेल्या.

मग अंमलबजावणी. मी टेप घेऊन प्रत्येकाला खुर्चीत बसवलं आणि त्याच्या डोळ्याची जमिनीपासूनची उंची मिलिमीटरमध्ये मोजली. सुतारखात्यातल्या ओळखीच्या माणसाकडून मॉनिटरखाली ठेवायला चौरंग करून घेतले, प्रत्येकाचा वेगळ्या उंचीचा, खाली नंबर घातलेला. खिडकीकडे तोंड असलेली टेबलं फिरवली. एका सहकाऱ्याच्या बायकोने मॉनिटरसाठी क्रोशाचं झाकण विणलं होतं. तो ते यंत्र चालू असतानाही काढत नसे आणि मागून धग यायची, ते जप्त केलं. एकाचे पाय अधांतरी लोंबायचे, त्याच्या पायाखाली पॅकिंगची फळी दिली.

आणि गंमत म्हणजे उपयोग झाला. पंधरा दिवसांत लोकांची डोकेदुखी कमी झाली. कॅंटीनमध्ये पोह्यांच्या रांगेत लोक मला पुढे जाऊ देऊ लागले.

फक्त माझी मान दुखायला लागली.

आधी मानेत, मग खांद्यात, मग डाव्या हातात उतरलेली कळ. पडद्यावरच्या रेघा मला धुरकट दिसायच्या. हनुवटी वर करून, नाकाच्या टोकावरून पाहिलं की स्पष्ट व्हायच्या. म्हणून मी दिवसभर हनुवटी वर करून बसायचो. दुपारी तीनपर्यंत डोकं असं जड व्हायचं की दिलेल्या बिंदूंतून वर्तुळ जातंय की बटाटा, हे कळू नये. सकाळी काढलेलं संध्याकाळी चुकीचं निघायचं. इतरांची ड्रॉइंगं अर्ध्यावर आली तरी माझी टाकी अजून बिनबुडाची होती.

माझ्या शेजारच्या टेबलावर माझा जुना मित्र होता, अकोल्याचा, माझ्याहून वर्षाने मोठा, चष्मा माझ्यासारखाच. त्याचं एक निराळंच. रोज सकाळी तो आपला मॉनिटर चौरंगावरून खाली उतरवायचा आणि चौरंगावर जेवणाचा डबा ठेवायचा. मी येऊन त्याला नियम वाचून दाखवायचो आणि मॉनिटर परत वर चढवायला लावायचो.

"मले असंच बरं दिसते," तो म्हणायचा.

"तुला बरं दिसण्याचा प्रश्न नाही. तुझी उंची मी मोजली आहे."

"उंची तू मोजली बे, पण डोये तं माह्ये आहेत ना?"

"उद्या मान धरली तर माझ्याकडे येऊ नकोस."

"नाही येत. तुह्याच मानेकडे पाह्य जरा. आभायात घारी मोजाले बसल्यावानी दिसतं."

मी टेबलाकडे वळलो की तो मॉनिटर पुन्हा खाली घ्यायचा. त्याचं ड्रॉइंग ऑगस्टमध्येच पूर्ण झालं. मॉनिटर उतरवण्याला मी त्याचा हट्टीपणा समजलो आणि त्याच्या ड्रॉइंगला त्याचं नशीब.

घरी बायको मलम चोळायची. एकदा जेवताना ती भाजीचं भांडं तसंच हातात धरून थांबली.

"ताटाकडे नाकावरून काय बघताय? आवडली नाही का भाजी?"

"आवडली."

"मग साहेबांना सांगा ना, मान दुखते म्हणून."

"सुरक्षा प्रतिनिधीची मान दुखते असं सांगू? चित्र मी काढलं, चौरंग मी करवले, आणि मीच?"

"मग दवाखान्यात तरी दाखवा."

ते तर शक्यच नव्हतं. कारखान्याच्या दवाखान्यात डोळ्याच्या बाईंनी लिहिलेला कागद थेट फाइलला लागतो. मला खात्री होती की माझे डोळे गेले आहेत, आणि 'ड्रॉइंगच्या कामास अयोग्य' हे तीन शब्द मला दुसऱ्याच्या अक्षरात वाचायचे नव्हते. त्यापेक्षा आपणच आपल्या अक्षरात लिहावं. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, एका सोमवारी सकाळी, मी प्रकृतीच्या कारणास्तव रेकॉर्ड रूममध्ये बदली मागणारा अर्ज दिला. समास सोडून, सुवाच्य. अर्ज देऊन जागेवर आलो तेव्हा दमल्यासारखं वाटलं नाही. रिकामं वाटलं. ते अधिक वाईट होतं.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. तिने मलमाची डबी बंद केली. मग म्हणाली, "अर्ज दिलाच आहे, तर आता डॉक्टरला घाबरायचं कारण काय उरलं?"

मंगळवारी सकाळी गेलो.

डोळ्याच्या बाई नागपूरच्या. त्यांनी अक्षरं वाचायला लावली, डोळ्यात उजेड टाकला, आणि म्हणाल्या, "डोळे तुमच्या वयाला शोभतील असे आहेत. चष्मा दुहेरी. वरच्या काचेतून लांबचं, खालच्या काचेतून वाचायचं. किती वर्षं वापरताय?"

"दहा."

"संगणकापुढे कसे बसता ते करून दाखवा."

मी दाखवलं. पाठ ताठ, काटकोन, हनुवटी वर.

"हनुवटी कशाला वर?"

"खालच्या काचेतून बघायला. वरून धुरकट दिसतं."

"मग पडदा खाली का नाही घेत? खालच्या काचेसमोर आणा ना त्याला. जरासा मागे कलवा."

"पण वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी."

"दुहेरी चष्मेवाल्यांना नाही. परिपत्रकात लिहिलंय की. सातवा मुद्दा. मीच आग्रह धरून घालायला लावला होता." त्यांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. तिथे माझा काटकोनातला माणूस लटकत होता. त्यांनी बोटाने मुद्दे मोजले. "यात सहाच आहेत. कुणी काढलंय हे?"

"मी."

"आणि सातवा?"

"समासात बसत नव्हता."

"कशात?"

मी पुन्हा सांगितलं नाही. बाई हसल्या नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं. हसल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

दवाखान्यातून निघालो तो स्कूटर थेट प्रशासनाच्या इमारतीकडे. आमच्याकडे सायकल अ‍ॅडव्हान्सचा अर्ज निघायला पावसाळा जातो, त्यामुळे माझा कागद आवकच्या ट्रेमध्येच असणार या भरवशावर मी जिने चढलो. बाबूने मला बघून खुर्ची पुढे केली.

"भाऊसाहब, मुबारक हो. हो गया."

"काय हो गया?"

"आपकी अर्जी. रेकॉर्ड रूम के लिए कोई खुद से माँगे, ये तो हमने पहली बार देखा. मैं खुद हाथ से बड़े साहब के पास ले गया. कल शाम को ही ऑर्डर निकल गया."

मी तो अर्ज परत घेता येईल का विचारलं. तो बिचारा खरंच खट्टू झाला. ऑर्डर रद्द करायला नवा अर्ज लागणार, त्याला वैद्यकीय मंडळाचा दाखला, आणि मंडळ बसणार पुढच्या वर्षी. शिवाय माझ्या जागेवर एका नव्या मुलीचं नावही टाईप झालं होतं. विभागात परतलो तेव्हा आमच्या साहेबांनी माझ्यासमोर दोन फोन केले. दुसरा ठेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शनिवारी कार्यमुक्त व्हायचं होतं.

बुधवारी सकाळी मी आधी माझा मॉनिटर चौरंगावरून उतरवला. या वेळी शेजाऱ्याला हाक मारली, दोघांनी मिळून धरला. पडदा मागे कलवला. खुर्चीत टेकलो, हनुवटी आपोआप खाली आली आणि रेघा रेघांसारख्या दिसल्या. मी शेजाऱ्याला सगळं सांगितलं, सातव्या मुद्द्यासकट.

त्याने रिकाम्या चौरंगावर आपला डबा ठेवला. मग म्हणाला, "चार महिने रोज सकाळी तुह्यासमोर उतरवत होतो ना बे मी."

"मला वाटलं तू हट्टी आहेस."

"हट्टी तं मी आहोच." मग म्हणाला, "अन् तू वाचून दाखवत होता ना. वाचणाऱ्याले काय सांगाव?"

बुधवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारचा अर्धा दिवस. त्या साडेतीन दिवसांत मी टाकी काढली. बूड, भिंती, कड्या, रेडिएटरच्या जागा, एकूण एक माप. ऑर्डर निघाल्यावर ते कुणाला नको होतं. साहेब म्हणालेही, राहू द्या, आता कशाला. पण मान दुखत नव्हती आणि वर्तुळं वर्तुळंच येत होती, थांबवत नव्हतं. दुपारी चहाला उठलो नाही की शेजारी कप आणून टेबलाच्या लांबच्या कोपऱ्यात, कीबोर्डपासून दूर ठेवायचा. तेवढा नियम त्याने माझ्याकडून घेतला होता.

नवी मुलगी शुक्रवारी आली. माझ्यामागे स्टूल घेऊन बसून पाहत होती. तिला चष्मा नव्हता. मी तिला सांगितलं, हा पडदा माझ्या हिशेबाने खाली आहे, तुला वर लागेल. "जी अंकल," ती म्हणाली.

शनिवारी दुपारी प्रिंट घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी टेबल मोकळं करून कागद पसरला, पट्टी लावून चार ठिकाणी मापं ताडून पाहिली. मग पट्टी बाजूला ठेवली.

"भाऊसाहब, ये तो फर्स्ट क्लास है. फिर अर्जी क्यों दी?"

"गर्दन दुखती थी, सर."

"और अब?"

"अब नहीं दुखती."

त्यांनी कागद पुन्हा सरळ केला. मग पेनचं टोपण काढून ड्रॉइंगवर तपासनिसाच्या चौकटीत सही केली. त्याखालून माझा कार्यमुक्तीचा कागद काढला, पेन हातात होतंच, त्यावरही केली. मी दोन्ही सह्या वाळेपर्यंत उभा राहिलो, जुनी सवय.

सोमवारी सकाळी मी दोन जिने चढून वर गेलो. ड्रॉइंग ऑफिसच्या दाराशी पोहोचल्यावर आठवलं, आणि खाली तळमजल्यावर आलो.