सहाव्या मजल्यावरून सुरुवात

मी घरोघरी दूध टाकते. बावीस वर्षं झाली, आणि माझ्याइतकं वेळेवर दूध टाकणारं कुणी असेल तर आणून दाखवा.

मंदीत भाऊ कामाला जातो तो कारखाना आठवड्यातून तीनच दिवस चालायला लागला, तशी भाचीच्या बॅडमिंटन क्लबची फी बंद झाली. सोळा वर्षांची पोर, आम्ही तिला भिंगरी म्हणतो. पण दोन महिन्यांत ही भिंगरी पार आडवी झाली. अकराला उठायचं, नाश्ता बुडवायचा, दिवसभर बिस्किटं आणि मोबाईल. शेजारच्या पलंगावर बापाचीही तीच तऱ्हा. महिन्याभरावर शाळेच्या संघाची निवड, जागा एकच शिल्लक, आणि हिला जिना चढला की धाप! माझं टाळकंच सटकलं.

"उद्या पाचला माझ्याबरोबर यायचं."

"आत्या, नाही जमणार गं."

"विचारलंय कुणी?"

माझ्या दुधाच्या फेरीत एक सहा मजली इमारत आहे. तिथली लिफ्ट रहिवाशांना खर्च झेपेना म्हणून बंद. अशा ठिकाणी आमची एक रीत असते. खालून टाकत जायचं, म्हणजे मजल्यागणिक पिशवी हलकी होते. चार दिवस पोरीने तसंच केलं. पाचव्या दिवशी बघते तर बाईसाहेब भरलेली पिशवी घेऊन थेट सहाव्यावर!

"अगं येडे, उलटं काय करतेस? खालून टाक ना!"

"मुद्दाम करतेय," वरून धापा टाकत आवाज आला. "ओझ्यासकट चढलं की दम वाढतो."

बावीस वर्षांत मला माझा धंदा कुणी शिकवला नव्हता. मी खालचे मजले तिला उतरताना टाकायला सोडले. त्या सकाळी घरी गेल्यावर तिने स्वतःहून अंडी मागितली, तीही तीन.

निवडीला समोर क्लबातली पोरगी, नवी रॅकेट, नवे बूट. पहिला गेम तिने सहज खिशात घातला. दुसरा भिंगरीने कसाबसा ओढला. तिसऱ्यात ती पोरगी गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, आमची मात्र कोर्टभर नाचत होती. जागा मिळाली! मी इतकी ओरडले की पंचांनी मला बाहेर काढलं. काढू देत, मला काय त्याचं!

दुसऱ्या दिवशी पाचला गेले तर त्यांच्या दाराशी दोघं उभी. भाऊ बुटाच्या नाड्या बांधत होता.

"सहाव्याची पिशवी मला दे," तो म्हणाला.

भिंगरीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पहिले चार दिवस खालून, बाबा. मग बघू."