संस्कृतच्या मास्तरांकडे कॉम्प्युटर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका शनिवारी पनवेलच्या आमच्या शाळेत टेम्पोतून कॉम्प्युटर उतरला... आणि माझ्या गळ्यात पडला.

मी संस्कृतचा मास्तर. पण संस्कृत ही कॉम्प्युटरला सगळ्यात योग्य भाषा, असं हेडसरांनी कुठेतरी वाचलं होतं. गणिताचे सर इतक्या तत्परतेने 'अगदी खरंय' म्हणाले, की तिथेच निकाल लागला.

खोलीला पडदे आले. चपला बाहेर. मुलांनी दारातून दर्शन घ्यायचं, हात लावायचा नाही... बिघडला तर जबाबदार मी.

सोबत एक जाडजूड पुस्तक होतं. पहिला अध्याय मुखोद्गत झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, ही माझी पाठशाळेतली सवय. टाइप केलेलं फ्लॉपीवर साठवून ठेवता येतं, हे त्यात बरंच पुढे होतं.

त्यामुळे शाळा सुटल्यावर मी रोज तोच लांबलचक प्रोग्रॅम टाइप करायचो. नाव विचारायचं आणि नमस्कार करायचा, एवढंच त्याचं काम. मशीन बंद केलं की सगळं पुसलं जायचं... दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून, रोजची संथा म्हणावी तसं. यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. नुसता थकवा वाटायचा.

मग संस्थेचे अध्यक्ष बघायला येणार असं कळलं. उरणकडचे, मिठागरवाल्या घरातले. सगळे त्यांना दादा म्हणायचे. मुलांना उपयोग होत नसेल तर मशीन आपल्या ऑफिसात नेतो, असा त्यांचा निरोप होता.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं... तरी दुपारभर बसून सगळं टाइप केलं. शाळा सुटली, दादा आले, खुर्चीत टेकले आणि वीज गेली.

परत आली तेव्हा मशीनचा काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. मी म्हटलं, "दादा, हा सगळं विसरलाय. तुम्ही न्याच."

"इसरला तर परत शिकवा की, मास्तर. मिठावर अवकाळी पडला तर आमी काय आगर सोडून जातो?"

चहा घेऊन ते गेले. माझी सुटका काही झाली नाही.

पुन्हा टाइप करायला बोटं उचलेनात. दारात मुलं डोकावत होती. म्हटलं, "या रे आत. एकेकानं एकेक ओळ टाइप करा." चपला काढायला सांगण्याचंही त्राण नव्हतं.

ढकलाढकली झाली, ओळी चुकल्या, पुन्हा लिहिल्या. शेवटी पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एका मुलीचं नाव आलं, पुढे नमस्कार. तिनेही गंभीरपणे हात जोडले... आणि कुणीही हसलं नाही.

आमच्या शाळेत मुलांचा हात कॉम्प्युटरला लागला तो असा, मास्तर दमला म्हणून. त्या संध्याकाळच्या थकव्याचा मी आजही ऋणी आहे.