उकंडाजींच्या नातवाचं चीवर

राळेगावजवळच्या आपल्या गावात विहाराची झाडलोट करता करता उकंडाजी मुलांना कधी शिकवू लागले, हे आता कुणालाच आठवत नाही. दिवसभर लोकांच्या शेतात राबायचं आणि संध्याकाळी हातपाय धुऊन विहारात बसायचं. उन्हाळ्यात यवतमाळला श्रामणेर शिबिर भरतं. मुलं मुंडन करून, भिक्खूंचं चीवर घालून काही दिवस भंतेजींजवळ राहतात. त्यांची तयारी करून घेणारे उकंडाजीच. चीवर कसं नेसायचं, दुपारनंतर जेवायचं नाही, आणि चीवरातल्या लेकराला आईबापही वंदन करतात, तेव्हा हसायचं नाही.

यंदा त्या मुलांत त्यांचा नातू संघर्षही होता. त्याचा बाप पुण्याला बांधकामावर गेला आणि तिथंच अपघातात वारला. नातवाला चीवरात पाहावं, एवढीच म्हाताऱ्याची आस उरली होती. पण सून उर्वशी ऐकेना.

"मामाजी, ह्याचा बापही लवकर येतो म्हणूनच गेलता."

"अवं, यवतमाळ काय लंबं हाये?"

"न्या मंग! तुमचाच नातू हाये. मले कायले इचारता?"

त्या संध्याकाळी उकंडाजींनी मुलांना राहुलाची गोष्ट सांगितली. बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलाला, दीक्षा दिली, तेव्हा त्याचा आजोबा शुद्धोदन फार दुखावला. आईबापाला विचारल्याशिवाय कोणाच्या लेकराला दीक्षा देऊ नका, अशी त्यानं विनंती केली आणि बुद्धांनी ते मानलं.

"आबाजी, आजोबाची परवानगी चालत नाही काय?" पोरांतल्या निकितानं विचारलं. पोरं हसली.

संघर्ष हसला नाही. "आन् माय रागात न्या म्हणली तं?"

उकंडाजींनी त्याला जवळ घेतलं. "रागातलं हो म्हणजे हो नसते, बापू."

शिबिराच्या सकाळी जीप विहारापुढं उभी होती. संघर्ष केव्हाचा आत जाऊन बसला होता. उकंडाजींनी शेजारच्या आपल्या घराच्या दारात उभ्या उर्वशीला पुन्हा विचारलं, "बाई, नेऊ काय?"

तिनं मान हलवली. "नाही."

"उतर, बापू," ते नातवाला म्हणाले. पोरगं उतरलं आणि त्यांच्याकडं न पाहता घरात गेलं. जीप निघून गेली, तिची धूळ बसेपर्यंत उकंडाजी तिथंच उभे होते.

मुलं शिबिराला गेल्यानं संध्याकाळी विहारात कुणी येणार नव्हतं, तरी त्यांनी चटई अंथरली. थोड्या वेळानं उर्वशी आली. मागं संघर्ष, डोळे सुजलेले.

"मामाजी," ती उभ्यानंच म्हणाली, "चीवर घातल्यावर लेकरू मायले माय म्हणते काय?"

उकंडाजी सरकून बसले आणि तिला चटईवर जागा करून दिली.